सतरा नंबरची खूण

गेल्या वर्षी चौदा जूनला, शनिवारी, सकाळी सव्वाअकरा वाजता मी लातूरच्या एका मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात अठरा हजार पाचशे रुपये भरले. पहिला हप्ता. हजर चौघं होतो : मी, माझी बायको, सहावीत गेलेली आमची मुलगी आणि वॉर्डन मॅडम. पावतीवरचा अक्षरी आणि अंकी आकडा जुळतो का ते पाहिलं, मगच मुलीची पेटी उघडली.

पेटीत बावीस नग होते. वसतिगृहाने छापील यादी दिली होती आणि तिच्या तळाशी एक ओळ होती : 'प्रत्येक कपड्यावर न जाणारी खूण असावी.' मॅडमनी एक कुर्ता उलटा करून मानेजवळचा काळा १७, म्हणजे मुलीचा वसतिगृहातला नंबर, अंगठ्याने घासून पाहिला. म्हणाल्या, "इतकी पक्की खूण अजून कुणी आणली नाही. बाकीचे पेनानं लिहून आणतात, दिवाळीपर्यंत जातं." मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

कंधारला आमचं बिछायत केंद्र आहे. लग्नाकार्याला सतरंज्या, गाद्या, चादरी, उशा भाड्याने देतो. वडिलांनी सुरू केलं, आता मी बघतो. या धंद्यात माल चोरीला जात नाही, बदलला जातो. एकाच लग्नात दोघांची बिछायत आली की आमची नवी चादर त्यांच्या टेम्पोत जाते आणि त्यांची विटलेली आमच्याकडे येते. म्हणून वडील प्रत्येक नगाच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने खूण करत. किनवटकडच्या जंगलातले बिब्बे बाजारात मिळतात. बिब्ब्याला दाभण टोचायचं, आतलं काळं तेल टोकावर आलं की कापडावर अक्षर काढायचं, वर ओला चुना लावायचा आणि उन्हात टाकायचं. कापड फाटेल पण खूण जाणार नाही. हात लावण्याआधी बोटांना गोडं तेल चोळायचं, कारण बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं तर आग होते, फोड येतात. आमच्याकडे त्याला बिब्बा उतला म्हणतात. पण हे सगळं ओल्या बिब्ब्याचं. चुना लागला की बिब्बा मेला, असं वडील सांगायचे. मी चौदा वर्षांचा असल्यापासून या खुणा करतोय आणि मला तो एकदाही उतलेला नाही.

मुलीच्या कपड्यांवर मी स्वतः बसून खुणा केल्या. कुर्त्यांना मानेशी आतून, सलवारींना कमरेच्या पट्टीवर डाव्या बाजूला, टॉवेल आणि चादरीला कोपऱ्यात, उशीच्या दोन्ही अभ्र्यांना उजव्या कडेला. बायको म्हणत होती, दोऱ्यानं आकडा टाचून देते. मी म्हटलं, दोरा उसवतो. तिने आतले कपडे मात्र माझ्या हातातून ओढून घेतले आणि त्यांच्यावर दोऱ्यानेच १७ काढले. "लेकराच्या चड्ड्यांवर तुमची बिछायतीची खूण नको," म्हणाली.

तीन आठवड्यांनी, चार जुलैला, मॅडमचा फोन आला. मुलीला खाज सुटली आहे, मानेवर पुरळ आहे, जवळच्या डॉक्टरांनी खरूज असावी असं सांगितलंय. खरूज एकीला झाली की खोलीभर होते, म्हणून मजल्यावरच्या सगळ्या छत्तीस मुलींना रात्री अंगभर औषध लावून झोपवणार आहेत. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने निघालो.

मुलगी ऑफिसात बाकावर बसली होती. मान मागून लालभडक, बारीक पाण्याचे फोड, काही फुटलेले. कमरेला डाव्या बाजूला तसंच. उजव्या गालावर जबड्याच्या कडेने एक पट्टा. त्यावर रात्रीचं औषध झोंबलं होतं, त्यामुळे डोळे सुजलेले. मला पाहून रडली नाही. एवढंच म्हणाली, "पप्पा, मला घरी न्या, पण परत आणून सोडा. गणिताचा पहिला धडा अर्धा राहिलाय."

मी मॅडमशी भांडलो. बोअरच्या पाण्यावर बोललो, कपडे धुण्याच्या पावडरीवर बोललो, गाद्यांमधल्या ढेकणांवर बोललो. गाद्यांबद्दल बोलताना मी जरा जास्तच बोललो, कारण गाद्यांतलं मला कळतं. मॅडम शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "छत्तीस पोरी तेच पाणी वापरतात, साहेब. खाज एकीलाच का?" मी आवाज वाढवला. त्याच दिवशी अर्ज लिहून दिला : वसतिगृहाच्या अस्वच्छतेमुळे झालेला माझा प्रवास, औषध आणि धंद्याचा खाडा, एकूण दोन हजार चारशे पंधरा रुपये परत मिळावेत. मॅडमनी अर्जावर पोच दिली.

घरी आल्यावर मुलगी तिचे घरचे कपडे घालायची. बायकोने वांगं बंद केलं, मुगाचं वरण सुरू केलं. अकरा दिवसांत कातडी साफ झाली. मी याचा अर्थ लावला : घरचं पाणी चांगलं, वसतिगृहाचं वाईट. एकवीस जुलैला तिला परत सोडलं. सोबत पाण्याचे पाच लिटरचे दोन कॅन दिले. चोवीस तारखेला फोन आला. पुन्हा तेच, त्याच तीन जागी, या वेळी जास्त.

सव्वीसला मी पुन्हा लातूरला गेलो, तोवर प्रकरण अवघड झालं होतं. मुलींनी तिच्याजवळ बसायचं सोडलं होतं. जेवणाच्या ओळीत तिच्या मागे एक ताट जागा रिकामी राहायची. आंघोळीचा तिचा मग कुणी उचलेना. मॅडमनी तिला जिन्याखालच्या, आजारी मुलींसाठी ठेवलेल्या खोलीत एकटीला झोपवलं होतं. मॅडम वाईट नव्हत्या. त्यांनाही पालकांचे फोन येत होते. त्यांनी मला सरळ सांगितलं की पंधरा ऑगस्टपर्यंत बरी झाली तर ठीक, नाही तर मुलीला घेऊन जा. जागेसाठी यादीत सात मुली थांबल्या आहेत.

मुलगी जिन्याखालच्या खोलीत लोखंडी पलंगावर पुस्तक घेऊन बसली होती. मी म्हटलं, कंधारची शाळाही चांगली आहे. ती म्हणाली, "मी परीक्षा देऊन इथं आले. खाजेमुळं नाही जाणार."

तिचं बरोबर होतं. मी ठरवलं की कारण सापडल्याशिवाय थांबायचं नाही. एक दोनशे पानी वही आणली आणि पट्टी घेऊन रकाने आखले : तारीख, पाणी कुठलं, नाश्ता, जेवण, साबण, खाज कुठे आणि किती. रोज रात्री भरायची असं तिला सांगितलं. ती माझीच मुलगी, एक दिवस चुकवणार नव्हती.

त्या दिवशी निघताना स्वयंपाकाच्या मावशी दारात आल्या. किनवटच्या बाजूच्या कुठल्याशा जंगलातल्या गावाच्या, लग्न होऊन लातूरला आलेल्या. त्यांनी माहेरी लहानपणापासून बिब्बे फोडले होते. बिब्बा फोडून आतली गोडंबी काढायची, तेच त्यांच्या घरचं पोट होतं. बोटांच्या कडा अजून काळ्या होत्या. त्यांनी मुलीची वेणी उचलून मान पाहिली आणि मला म्हणाल्या, "दादा, ही खरूज न्हाई. बिब्बा उतलाय."

मी विचारलं, तुम्ही जेवणात गोडंबी घालता का? लाडूबिडू करता का?

मावशी हसल्या. "गोडंबीचा भाव माहीत हाय का तुमाला? छत्तीस पोरींना गोडंबी चारायला इथं काय बाळंतीण उठलीया? खाल्ल्याचं न्हाई हे. लागल्याचं हाय. कुठंतरी लागून राह्यला."

मी त्यांना म्हटलं की मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, तीस वर्षं बिब्बा हातात घेतोय, उतला तर मला कळणार नाही का? मावशी म्हणाल्या, "बरं, तुमी शिकलेले," आणि आत गेल्या. हे लिहिताना मला अजूनही लाज वाटते. त्या मला नेमकं कारण सांगत होत्या आणि मी माझ्या अनुभवाची वर्षं मोजून दाखवत होतो. कपड्यांवरची खूण त्या क्षणी माझ्या डोक्यात आलीच नाही. माझ्या हिशेबात चुना लागलेला बिब्बा हा बिब्बाच नव्हता.

ऑगस्टच्या सात तारखेला मी मुलीला घेऊन कंधारला आलो आणि आठला आम्ही तिघं नांदेडला गेलो. पेटी सोबत होती, कारण परत सोडायचं की कायमचं आणायचं ते ठरलं नव्हतं. त्वचेच्या डॉक्टर बाईंकडे आमचा नंबर सव्वीसावा होता. बाहेर पावणेतीन तास बसलो.

डॉक्टर बाईंनी आधी काही विचारलंच नाही. मुलीला उजेडात उभं केलं, भिंगातून मान पाहिली, कंबर पाहिली, गाल पाहिला. मग कोऱ्या कागदावर माणसाची आकृती काढून तीन जागी लाल पेनाने खुणा केल्या. बोटांच्या बेचक्यांत, काखेत काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं. म्हणाल्या, "खरूज अशी जागा निवडून येत नाही. हिला काहीतरी इथे, इथे आणि इथेच लागतंय."

मी अभिमानाने वही पुढे केली. बारा दिवसांची नोंद होती. बाई भराभर पानं उलटत गेल्या. पाण्याचा रकाना पाहिला नाही, जेवणाचा पाहिला नाही. एका पानावर थांबल्या आणि मोठ्याने वाचलं. समासात मुलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'तीन दिवस पाऊस. शाळेला सुट्टी. ड्रेस वाळले नाहीत. घरचा टी-शर्ट आणि घरची पँट घातली. मान कमी खाजली. कंबर कमी. गाल तसाच.'

"हे समासात का लिहिलंस?" बाईंनी विचारलं.

मुलगी म्हणाली, "कपड्यांचा रकाना नव्हता."

रकाना मी आखलाच नव्हता. सहा रकाने आखले, आणि सातवा लागणार होता तो नाही. तो टी-शर्ट आणि ती पँट यादीत नव्हते. बायकोने ते माझ्या नकळत पेटीत तळाशी घातले होते, त्यामुळे त्यांच्यावर खूण नव्हती.

बाईंनी विचारलं की हॉस्टेलचे कपडे आहेत का. मी पेटी टेबलावर ठेवली. त्यांनी कुर्ता उलटा केला, मानेचा १७ पाहिला. तो मुलीच्या मानेवर धरला. लाल भागावर बरोबर बसला. मग सलवार, डावी बाजू. मग अभ्रा, आणि मुलीला विचारलं, कुठल्या कुशीवर झोपतेस? ती म्हणाली, उजव्या.

"ही शाई कसली?"

मी म्हणालो, "बिब्बा. पण चुना लावलेला आहे, बाई. मेलेला आहे."

बायको माझ्याकडे पाहत नव्हती. ती मुलीचा कुर्ता घडी करून पेटीत ठेवत होती.

डॉक्टर बाईंनी समजावून सांगितलं ते मी जसं समजलो तसं लिहितो. बिब्ब्याच्या तेलात जे असतं ते चुन्याने काळं होतं, पक्कं होतं, पण कापडात राहतं. धुतलं तरी राहतं. घाम आला, कापड अंगाला घासलं की थोडं थोडं कातडीला लागतं. काही जणांचं शरीर पहिले काही दिवस गप्प राहतं आणि एकदा ओळखलं की पुढच्या प्रत्येक वेळी दोन-तीन दिवसांत पेटतं. म्हणून पहिल्या वेळी तीन आठवडे लागले आणि दुसऱ्या वेळी तीन दिवस. मी विचारलं, मला तीस वर्षं काही झालं नाही ते कसं? बाई म्हणाल्या, "तुमच्या अंगाचा नियम तिच्या अंगाला लागू नाही." तपासणी करून पक्कं करता येईल का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या की बिब्बा मुद्दाम लावून बघायची गरज नाही, भाजायचंच काम होईल. खुणेचा एकही कपडा अंगाला लावू नका, पाच दिवसांत फरक दिसेल. तोच पुरावा.

मुलगी टेबलाजवळ सरकली. आता तिने विचारलं, "म्हणजे ही खरूज नाही ना? दुसऱ्या कुणाला होत नाही ना?"

"नाही."

"मग तसं लिहून द्या. शिक्का मारून."

बाईंनी लिहून दिलं. शिक्का मारला.

परतीच्या एसटीत बायको एकदाच बोलली. "दोरा उसवतो म्हणाले होते तुम्ही."

चार रात्री ती आणि मी बसलो. बिब्ब्याची खूण धुऊन जात नाही, हे मला जगात सर्वांत चांगलं माहीत होतं. त्यामुळे कुर्त्यांच्या मानेचे तुकडे कापून नवं मलमल लावलं, सलवारींच्या पट्ट्या बदलल्या. टॉवेल, चादर आणि अभ्रे बाजूला काढून नवे घेतले. त्यांच्यावर बायकोने लाल दोऱ्याने १७ काढले. कापलेले तुकडे मी मोजले आणि गावाबाहेर खड्डा करून पुरले, जाळले नाहीत, कारण बिब्ब्याच्या धुरानेही अंग उठतं. मग गोदामात गेलो. आमच्या बिछायतीत तीनशे दहा अभ्रे होते, प्रत्येकाच्या कोपऱ्यावर खूण. लग्नाला आलेली लेकरं त्यावर गाल टेकून झोपत आली. वडिलांपासून आजवर भाड्याने गेलेल्या प्रत्येक नगाची नोंद माझ्याकडे आहे. किती लेकरांचे गाल उठले असतील, याची नाही. सगळे कोपरे कापायला दोन बायका लावल्या. आता आमचा माल खूण पाहून कुणालाच ओळखता येत नाही, रंगीत गोट शिवून घेतोय, तोवर दोन चादरी बदलल्या गेल्या. जाऊ द्या.

पाचव्या दिवशी मुलीची मान कोरडी झाली. फिकट तपकिरी डाग राहिला होता, फोड एकही नव्हता. तेरा ऑगस्टला आम्ही लातूरला पोचलो. डॉक्टर बाईंचा कागद माझ्या खिशात होता आणि माझा बेत असा होता की तो मॅडमच्या हातात द्यायचा, दोन शब्द बोलायचे आणि साडेपाचची गाडी पकडायची.

मुलगी ऑफिसच्या दारातच थांबली. म्हणाली, "पप्पा, मॅडमला सांगून काय होतंय? ताट उचलून मॅडम नाही गेल्या. पोरींना सांगा."

मी म्हटलं, मॅडम सांगतील.

"मॅडमनी सांगितलं तर म्हणतील, हिच्या घरच्यांनी चिठ्ठी आणली. तुम्ही केलंय, तुम्ही सांगा."

मॅडमनी कागद दोनदा वाचला. मग घंटा वाजवायला सांगितली. प्रार्थनेच्या हॉलमध्ये छत्तीस मुली सतरंजीवर बसल्या. मी आयुष्यात कधी भाषण केलेलं नाही. लग्नात सुद्धा मी मांडवाच्या मागे उशा मोजत असतो. मी कापलेल्या खुणांतला एक तुकडा प्लास्टिकच्या पिशवीत ठेवून आणला होता, तो वर धरला. म्हणालो की सतरा नंबरला खरूज नव्हती. ही खूण बिब्ब्याची आहे. ही मी केली. ती हिच्या अंगाला लागली आणि उतली. ती कुणाला होत नाही, हिच्या शेजारी बसून होत नाही, हिचा मग घेऊन होत नाही. वसतिगृहाच्या पाण्यात काही नव्हतं, गाद्यांतही नव्हतं. मी मॅडमना नको ते बोललो.

पुढच्या ओळीतली एक मुलगी, दोन वेण्या, पाचवीतली असेल, तिने हात वर केला. "मग आम्हाला ते वासाचं औषध का लावलं? माझे डोळे रात्रभर चुरचुरत होते."

मी म्हणालो, "माझ्यामुळं."

ती मागे वळून शेजारणीला म्हणाली, "बघ, मी म्हटलं नव्हतं मला काही झालं नव्हतं?" सगळ्या हसल्या. सतरा नंबरही हसली. दारात मावशी उलथनं घेऊन उभ्या होत्या. मी त्यांच्यापाशी गेलो आणि म्हणालो की तुम्ही मान बघताच सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, "हाव. आता पोरीला जेवू द्या."

रात्रीच्या जेवणाच्या ओळीत तिच्या मागे कुणी उभं राहतं का, ते पाहायला मी थांबलो. साडेपाचची गाडी गेली. पावणेआठला ओळ लागली. दोन वेण्यांची मुलगी तिच्या मागे उभी राहिली आणि ताटाने तिच्या पाठीत ढोसत होती, पुढं सरक म्हणून.

मग मी ऑफिसात गेलो आणि मॅडमना म्हणालो की त्या औषधाचं बिल दाखवा. त्यांनी आधी टाळलं. मी खुर्चीतून उठलो नाही. तेव्हा त्यांनी ड्रॉवरमधून बिल काढलं आणि त्याच्यासोबत माझा अर्जही निघाला. त्या किंचित हसून म्हणाल्या, "तुमचे दोन हजार चारशे पंधरा वजा करायचे का?" मी अर्ज परत मागून घेतला, फाडला आणि तुकडे खिशात घातले. छत्तीस बाटल्या, बहात्तर रुपये प्रमाणे दोन हजार पाचशे ब्याण्णव. डॉक्टर वसतिगृहात येऊन गेले त्याचे पाचशे. संस्थेने हा खर्च मंजूर केला नव्हता, मॅडमनी तो स्वतःच्या पगारातून भरला होता, हे मला बिल पाहताना त्यांच्याकडूनच कळलं. एकूण तीन हजार ब्याण्णव रुपये, रोख, त्या रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी वॉर्डन मॅडमच्या हातात दिले.